धुराच्या डोंगराखालची ऊब

(मनामा येथे मराठी मंडळींसमोर दिलेल्या स्मृती-व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, त्या सरांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी बहारीनमध्ये अगदी नवा होतो. मी तेलविहिरींत मोजमापं घेणारा माणूस, ते शाळेत भूगोल शिकवणारे. सुट्टीच्या दिवशी चार मुलांना गाडीत घालून ते कुठेतरी घेऊन जायचे. एकदा मलाही बरोबर घेतलं. आम्ही गेलो जबल दुखानला. पायथ्याशी उभं राहून त्यांनी मुलांना विचारलं, "दुखान म्हणजे काय रे?" मुलं म्हणाली, "धूर." "मग हा धुराचा डोंगर. म्हणजे ज्वालामुखी का?" अर्धी मुलं हो म्हणाली, अर्धी गप्प बसली.

सरांनी उत्तर दिलं नाही. खिशातून औषधाची छोटी बाटली काढली, तिच्यात पातळ केलेलं आम्ल होतं. पायाजवळच्या दगडावर दोन थेंब टाकले. दगडावर फेस आला, बारीक चर्र आवाज झाला. मग त्यांनी रुमालात बांधलेला दुसरा दगड काढला. तो काळा होता, साताऱ्याकडचा. सुट्टीत गावाहून येताना आणलेला. त्यावर दोन थेंब टाकले. काहीच झालं नाही. "हा आपला सह्याद्रीचा. हा खरा ज्वालामुखीतून आलेला. आणि हा बहारीनचा, समुद्राच्या तळाशी शिंपल्यांच्या चुन्यातून घडलेला. नावावर जाऊ नका," एवढंच ते म्हणाले. पंचवीसेक वर्षं झाली, पण तो फेस मला अजून दिसतो.

आजचा माझा विषय त्या फेसापासूनच सुरू होतो. गेल्या खेपेला इथे आलो होतो तेव्हा आपल्यातल्या दोन तरुण इंजिनिअरांनी मला विचारलं होतं, "काका, आइसलँडसारखी बेटं जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करतात, घरं ऊबदार ठेवतात. बहारीनही बेटच आहे. इथे का नाही?" प्रश्न साधा वाटला तरी उत्तर साधं नव्हतं. मी तेव्हा म्हटलं, तयारी करून येतो. ती तयारी आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ज्यांच्याकडे ही उष्णता खरोखर हाताशी आहे, त्या बेटांकडे पाहू. कॅरिबियन समुद्रात छोट्या ज्वालामुखी बेटांची एक रांगच आहे. त्यांच्या पोटात काही किलोमीटरवर वितळलेला किंवा नुकता थिजत असलेला खडक असतो. डोंगरावर पडलेला पाऊस भेगांतून खाली झिरपतो, तिथे तापतो, वर येऊ पाहतो. वर जर चिकणमातीसारख्या झालेल्या खडकाचं झाकण असेल, तर ते गरम पाणी दाबाखाली कोंडून राहतं. प्रेशर कुकरच म्हणा. ते झाकण भेदून विहीर खाली गेली की वाफ वर येते, आणि वाफेवर जनित्र फिरतं. इटलीत लार्देरेलो इथे १९०४ साली पिएरो जिनोरी कोंती यांनी याच तऱ्हेने पाच दिवे लावून दाखवले होते. ही विद्या सव्वाशे वर्षांची आहे.

तो कुकर कुठे आहे हे शोधायचं कसं, हा खरा धंद्याचा भाग. पहिलं काम झऱ्यांचं पाणी बाटलीत भरायचं. गरम पाण्यात खडकातली सिलिका जास्त विरघळते, आणि वर येताना पाणी थंड झालं तरी ती लगेच खाली बसत नाही. म्हणून वर जेमतेम कोमट लागणाऱ्या पाण्यातली सिलिका मोजली, की ते पाणी खाली किती तापलेलं होतं याचा अंदाज बांधता येतो. दुसरं काम जमिनीची विद्युतरोधकता मोजायचं. चिकणमातीच्या झाकणातून वीज सहज वाहते, त्यामुळे ते झाकण नकाशावर उठून दिसतं. ही दोन्ही कामं त्या मानाने स्वस्तात होतात. तिसरं काम विहीर घ्यायचं. तिथेच छोट्या बेटाची छाती दडपते.

मॉन्टसेरात हे बेट घ्या. सगळं मिळून शंभर चौरस किलोमीटर. १९९५च्या जुलैमध्ये तिथला सुफ्रिएर हिल्स जागा झाला. १९९७ साली राजधानी प्लिमथ राखेखाली गेली, दोन तृतीयांश लोक बेट सोडून गेले. मागे राहिलेल्यांनी ठरवलं की ज्या डोंगराने आपलं गाव गिळलं, त्याच्याच पोटातली उष्णता वापरायची. २०१३ साली तिथे दोन विहिरी घेतल्या. दोन्ही दोन किलोमीटरपेक्षा खोल, तळाचं तापमान दोनशे अंशांच्या वर. म्हणजे निसर्गाने आपलं काम चोख केलं होतं. पण दहा वर्षं उलटली तरी त्या वाफेवर बेटाची वीज चालत नव्हती. शेजारच्या नेव्हिसवर २००८ साली वाफ सापडली, तीही कित्येक वर्षं तशीच पडून राहिली. एक विहीर म्हणजे कोट्यवधी रुपये. ती कोरडी निघाली तर पैसे परत मिळत नाहीत. पाच-दहा हजार वस्तीच्या बेटाने हा जुगार किती वेळा खेळायचा? विजेचा खपही थोडा, त्यामुळे यश आलं तरी मोठा कारखाना उभा करता येत नाही. ग्वादलूपवर बुयाँत नावाचं गाव आहे, त्या नावाचा अर्थच उकळणारं. तिथलं वीजघर १९८०च्या दशकापासून चालू आहे, आणि कित्येक वर्षं त्याची ताकद पंधरा मेगावॉटच्या आसपासच राहिली. पण ग्वादलूपच्या पाठीशी फ्रान्स उभा होता. डॉमिनिकाने रोझो खोऱ्यात दहा मेगावॉटचं वीजघर हाती घेतलं, ते तर विहिरी घेतल्यानंतर कित्येक वर्षांनी. आणि वीजघर झालं म्हणजे सुटलो असंही नाही. हवाईतल्या पुनाचं वीजघर २०१८च्या मे महिन्यात लाव्हा आवारात शिरल्यामुळे बंद पडलं, ते पुन्हा सुरू व्हायला २०२०चा नोव्हेंबर उजाडला.

आपल्याकडेही असं एक बेट आहे. अंदमानातलं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. १९९१ पासून तो अधूनमधून पेटतो आहे. तिथे उष्णता भरपूर आणि माणूस एकही नाही.

आता बहारीन. सरांनी दोन थेंबांत दाखवलं तेच खरं. हे बेट म्हणजे चुनखडकाच्या थरांना आलेला एक लांबट फुगवटा. उलथी ठेवलेली काथवट डोळ्यांपुढे आणा. त्या फुगवट्याच्या माथ्यावर जबल दुखान, उंची सव्वाशे मीटरच्या आसपास. दमट दिवसांत त्याच्याभोवती धुरकट वाफ तरंगते, म्हणून धुराचा डोंगर. खाली कुठेही तापलेला शिलारस नाही. त्यामुळे दोनशे-अडीचशे अंशांची वाफ इथे मिळेल अशी आशा कोणी दाखवली, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पण हीच काथवट आणखी एका कामाची ठरली. फ्रँक होम्स नावाचा न्यूझीलंडचा माणूस इथे आला तो पाण्याच्या विहिरी घ्यायला. त्याने शेखसाहेबांना गोडं पाणी काढून दिलं, आणि १९२५ साली त्या भरवशावर तेलाचा परवाना मिळवला. पुढे लोक त्याला अबू नफ्त म्हणू लागले, तेलाचा बाप. १९३१च्या ऑक्टोबरमध्ये जबल दुखानच्या पायथ्याशी पहिली विहीर सुरू झाली. १९३२ साली मे संपून जून लागता लागता सुमारे दोन हजार फुटांवर तेल लागलं. आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं हे पहिलं तेल. ती विहीर आजही खुणेसाठी जपलेली आहे, शेजारी तेलाचं संग्रहालय आहे. मुलांना नेलं नसेल तर जरूर न्या.

त्या एका विहिरीमागून शेकडो विहिरी झाल्या. इथला नैसर्गिक वायू ज्या खुफ थरातून येतो, तो अडीच-तीन किलोमीटर खोल आहे. मॉन्टसेरातला ज्या दोन विहिरींसाठी दुसऱ्यांच्या दारात उभं राहावं लागलं, तसल्या खोल विहिरी या बेटावर आधीच पडलेल्या आहेत आणि त्यांचा खर्चही तेलाने आणि वायूने कधीच फेडला आहे. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. ज्वालामुखी बेटांकडे उष्णता आहे, पण विहिरींना पैसा नाही. बहारीनकडे उष्णता मध्यम आहे, पण विहिरी तयार आहेत.

मध्यम म्हणजे किती? ज्वालामुखी नसलेल्या प्रदेशात दर किलोमीटर खोलीला २५ ते ३० अंश वाढ, हा जगभरचा ढोबळ हिशेब. इथे जमिनीजवळची वर्षाची सरासरी सत्तावीसच्या आसपास धरा. अडीच किलोमीटरवर नव्वद ते शंभर अंश, तीन किलोमीटरवर शंभर ते एकशे पंधरा. हा झाला कागदावरचा हिशेब. खरा आकडा दुसरीकडेच लिहून ठेवलेला आहे, आणि तो मी स्वतः लिहिलेला आहे म्हणून सांगतो.

विहीर खोदून झाली की आम्ही तिच्यात तारेवर उपकरणं सोडायचो. खडक सच्छिद्र आहे का, त्यात तेल आहे का पाणी, हे ती उपकरणं सांगायची. त्या उपकरणाला पाऱ्याचे दोन-तीन थर्मामीटर बांधलेले असायचे. ताप मोजायचा असतो तसलेच, म्हणजे पारा एकदा चढला की उतरत नाही. खरं तर ते आमच्या यंत्रांच्या काळजीसाठी असत. पहाटे तीन-साडेतीनला उपकरण वर यायचं, चिखलाने माखलेलं. मी ते पुसायचो, बॅटरीच्या उजेडात थर्मामीटर तिरपा धरून आकडा वाचायचो आणि लॉगच्या, म्हणजे मोजमापांच्या नोंदीच्या, कागदाच्या माथ्यावर एक रकाना असे, त्यात तो भरायचो. खोली, वेळ, तळाचं तापमान. पुढे तो कागद भूवैज्ञानिकांच्या टेबलावर जायचा. ते खालच्या वेड्यावाकड्या रेषांवर तासन् तास वाकून बसत. माथ्यावरचा तो आकडा तेलासाठी कोणाला लागत नसे. तो भरायचा म्हणून भरलेला राही.

तो आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही, हेही सांगतो. खोदताना विहिरीत सतत चिखल फिरवलेला असतो, आणि तो वरून थंड येतो. त्यामुळे विहीर नुकती खोदली असेल तर तळाचं तापमान खऱ्यापेक्षा कमी भरतं. पण एकाच विहिरीत आम्ही दोन-तीन वेळा उतरायचो. चार तासांनी एक आकडा, नऊ तासांनी दुसरा, पंधरा तासांनी तिसरा. हे आकडे हळूहळू चढत जातात. ती चढण पुढे नेली, की खडकाचं खरं तापमान कळतं. याला लागतात जुने कागद, पेन्सिल आणि धीर. एक रुपयाचंही खोदकाम लागत नाही.

समजा, तापमान निघालं शंभराच्या जवळपास. मग वीज करायची का? माझं मत आहे, करू नये. उष्णतेपासून वीज करायला नुसतं गरम टोक पुरत नाही, थंड टोकही लागतं. अलास्कात चेना इथे चौऱ्याहत्तर अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज होते, कारण तिथे दुसऱ्या टोकाला बर्फासारखं पाणी आहे. आपल्याकडे ऑगस्टात समुद्रच तेहेतीस-चौतीस अंशांवर जातो. अशा ठिकाणी शंभर अंशांच्या पाण्यातल्या उष्णतेपैकी शेकडा सहा-सात हिस्सा वीज होऊन हाती लागला तर पुष्कळ.

मग या बेटाला विजेची सगळ्यात जास्त गरज कशासाठी पडते ते पाहा. या सभागृहात आत्ता जे गुरगुरतं आहे त्यासाठी. उन्हाळ्यात इथल्या विजेचा मोठा वाटा गारव्यावर जातो. आणि गारवा थेट उष्णतेपासून करता येतो. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून आपल्या माठाचं उदाहरण घेतो. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, वाफ होताना ती आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. पण मुंबईच्या किंवा मनामाच्या दमट हवेत माठ नीट गार होत नाही, कारण बाहेरची हवाच ओली. आता असा माठ कल्पा की जो एका बंद भांड्यात आहे, भांड्यातली हवा काढून टाकलेली आहे आणि शेजारी असं मीठ ठेवलं आहे जे वाफ आधाशासारखं पिऊन टाकतं. पाणी भराभर उडतं, पाच-सात अंशांपर्यंत गार होतं. ते मीठ म्हणजे लिथियम ब्रोमाइड. पिऊन पिऊन ते पातळ होतं, मग त्याला तापवून त्यातलं पाणी उडवून लावायचं आणि पुन्हा कामाला जुंपायचं. त्या तापवण्यासाठी ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी पुरतं. अडीच-तीन किलोमीटरवर बहारीनच्या पोटात जे असावं असं आपण म्हणतो, नेमकं तेवढंच.

हे स्वप्नरंजन नाही. आपल्या शेजारी अबुधाबीत मसदर सिटीमध्ये अ‍ॅडनॉक आणि तब्रीद या कंपन्यांनी हेच केलं आहे. २०२३ साली त्यांनी जाहीर केलं. दोन विहिरी, नव्वद अंशांहून गरम पाणी, सेकंदाला सुमारे शंभर लिटर. त्यावर गारवा करणारी यंत्रं चालतात आणि मसदर सिटीच्या गारव्याच्या गरजेपैकी दहा टक्क्यांच्या आसपास भाग त्यातून भागतो. तिथेही ज्वालामुखी नाही. तिथलाही दगड चुन्याचाच.

आता माझ्यासारख्या माणसाला राहवत नाही म्हणून बेरीज-वजाबाकी करतो. सेकंदाला शंभर लिटर पाणी, त्यातून वीस अंश काढून घेतले, तर उष्णता होते सुमारे ८.४ मेगावॉट. गारवा करणाऱ्या यंत्रातून तिचा जवळजवळ सहा मेगावॉट गारवा होतो. आपल्या घरी असतो तसल्या दीड टनी एसींच्या भाषेत अकराशे एसी. त्याच उष्णतेची आधी वीज केली आणि त्या विजेवर एसी चालवले, तर जेमतेम पावणेदोन-दोन मेगावॉट गारवा मिळतो. म्हणजे तिसरा हिस्सा. पंपांना लागणारी वीज दोन्हीकडे वजा होईल, पण निकाल बदलणार नाही. बहारीनने २०६० पर्यंत कार्बनचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं जाहीर केलं आहे. त्या वाटेवर छतावरची सौर तावदानं दिवसा उपयोगी पडतील. पण जुलैची रात्र इथे काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. जमिनीखालची उष्णता दिवसरात्र ओळखत नाही.

अडचणी आहेत, आणि त्या मी लपवणार नाही. खोलवरचं पाणी समुद्राहून खारट असतं, त्यात सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असू शकतो, ते लोखंड खातं, नळांत क्षार धरतं. जुन्या तेलविहिरी अरुंद असतात, त्यांतून सेकंदाला शंभर लिटर पाणी उपसता येईलच असं नाही. कदाचित नव्या रुंद विहिरी घ्याव्या लागतील. जुन्या विहिरी तेव्हा नुसत्या वाटाड्याचं काम करतील. तेही थोडं नाही. मॉन्टसेरातला असा वाटाड्या मिळाला असता तर त्यांनी काय दिलं नसतं!

पण सगळ्यात मोठी अट दुसरीच आहे. ती समजायला अधारीकडे जावं लागेल. तुमच्यापैकी जे जुने आहेत त्यांनी अधारीचा झरा वाहता पाहिला असेल. नव्यांना तिथली बाग आणि पाळणे माहीत आहेत. या बेटावर ओढा नाही, नदी नाही, आणि तरी हजारो वर्षं इथे खजुराची बनं होती, याचं कारण सौदीच्या बाजूने भूगर्भातून येणारं पाणी. ते इथे फुगवट्याजवळ वर यायचं आणि झऱ्यांतून उसळायचं. इतकंच काय, समुद्राच्या तळाशीही गोड्या पाण्याचे झरे होते. मोत्यांसाठी बुड्या मारणारे पाणबुडे कातड्याच्या पिशव्या घेऊन खाली जात आणि खाऱ्या समुद्राच्या पोटातून गोडं पाणी भरून आणत. अधारीबद्दल इथे एक म्हण आहे, की ती लांबच्याला पाणी पाजते आणि जवळच्याला कोरडं ठेवते. आपलं म्हणाल तर धरणाशेजारच्या तहानलेल्या गावाला ती जशीच्या तशी लागू पडेल. विसाव्या शतकात नळकूप आले, पंप आले. शेती, वस्ती, कारखाने सगळे एकाच थरातून पाणी ओढू लागले. झऱ्यांचा दाब उतरला, समुद्राचं खारं पाणी आत शिरलं आणि अधारी आटली. आज आपण पितो ते बहुतेक समुद्राचंच पाणी, मीठ काढलेलं.

म्हणून माझी अट अशी. जे गरम पाणी वर काढायचं, त्यातली उष्णता तेवढी घ्यायची आणि पाणी थेंबन् थेंब त्याच थरात परत सोडायचं. एका विहिरीने काढायचं, लांबच्या दुसऱ्या विहिरीने परत द्यायचं. याने दाब टिकतो, आणि तो खारट विषारी द्रव वरच्या गोड्या पाण्याच्या थराला किंवा समुद्राला लागत नाही. ज्याला हे परवडत नाही त्याने विहीरच घेऊ नये. झऱ्यांचं बेट एकदा झऱ्यांना मुकलेलं आहे. त्याला दुसऱ्यांदा तसं करायची मुभा नाही.

हे सांगताना मला माझं आजोळ आठवतं. संगमेश्वर तालुक्यात, तुरळपासून फार लांब नाही. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना तुमच्यातले कितीतरी जण तिथे थांबले असतील. माझ्या आजीला गुडघ्यांचा त्रास. थंडीत ती आम्हा नातवंडांना घेऊन तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायची. पाण्यात हात घालवत नसे, साठ अंशांच्या आसपास असतं ते. आजी तांब्याने पाणी बादलीत काढायची, त्यात गार पाणी मिसळायची, पंचा बुडवून गुडघ्यावर धरायची. आम्हाला सांगायची, खाली देवीची चूल आहे. शाळेत गेल्यावर मी तिला शहाणपणा शिकवला, की चूल कसली, खाली लाव्हा आहे. मीही चुकलो होतो. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याची ऊब कधीच विरली. कोकणात पावसाचं पाणी खोल भेगांतून किलोमीटरभर किंवा त्याहून खाली जातं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने झपाट्याने वर येतं. तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, पालीजवळचं उन्हेरे, वज्रेश्वरी, गणेशपुरी ही सगळी त्या भेगांची तोंडं. बहारीनला धुराच्या नावाने चकवलं, कोकणाला काळ्या दगडाने.

१८८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने टॉमस ओल्डहॅम यांनी जमवलेली देशभरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांची यादी छापली. पुढे १९६०च्या दशकात केंद्र सरकारने त्यासाठी समिती नेमली. आयआयटी मुंबईतले डी. चंद्रशेखरम यांनी पश्चिम किनाऱ्याच्या या उष्णतेवर वर्षानुवर्षं काम केलं. २०२५ साली केंद्राने भू-औष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरणही जाहीर केलं. लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीने विहिरी घेतल्या. कोकणात मात्र कुंड आहे, श्रद्धा आहे, बोर्ड आहे, आणि खोल विहीर नाही. कोयनेत गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विहीर घेतली, सव्वा किलोमीटर काळा दगड भेदून ती खालच्या ग्रॅनाइटमध्ये गेली. ती घाटमाथ्याजवळ. खाली तळकोकणात तिच्या निम्म्या खोलीची एक विहीर नेमक्या भेगेवर बसली, तरी आपल्याला खरं काय ते कळेल.

तिथेही माझा भर विजेवर नाही. साठ-सत्तर अंशांचं पाणी म्हणजे वाळवणाचं पाणी. पावसाळ्यात कोकणात काहीही वाळत नाही, काजू नाही, आमसूल नाही, मासळी नाही. मांडवावर घातलेलं आमसूल वळिवाच्या एका सरीत काळं पडतं, हे ज्याने पाहिलं त्याला मी काय म्हणतो ते कळेल. सिलिका जेलवर चालणारी गारव्याची यंत्रं या तापमानावरही चालतात. हापूसच्या पेट्या गाडीत चढेपर्यंत गार ठेवता येतील. अट तीच. देवाच्या कुंडाचं पाणी एक बोटही उतरता कामा नये. उतरलं, तर गाव विहीर बुजवील, आणि तो गावाचा हक्क आहे.

बहारीन आणि कोकण यांचं नातं जुनं आहे. १८७३ पर्यंत आखाताचा इंग्रजी कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली होता. इथले मोती मुंबईच्या बाजारात जात. १९६५ साली दिनार येईपर्यंत या बेटावर रुपया चालत होता. त्या वाटेने माल आला-गेला, माणसं आली-गेली. आता थोडं ज्ञान यावं-जावं, असं मला वाटतं. इथे तापमानाचा नकाशा करायला जो शिकेल, त्याला तुरळची विहीर कुठे घ्यावी हे जास्त कळेल.

म्हणून शेवटी एक विनंती. मी भरलेले आणि माझ्याआधीच्या, माझ्यानंतरच्या लोकांनी भरलेले ते कागद आज ज्या कचेऱ्यांत आहेत, तिथे तुमच्यापैकी काही तरुण कामाला आहेत. वरिष्ठांकडे रीतसर परवानगी मागा. ते आकडे कंपनीचे आहेत, देशाचे आहेत, चोरून काही करू नका. परवानगी मिळाली तर प्रत्येक कागदाच्या माथ्यावरचे तीनच आकडे उतरवून काढा, खोली, वेळ आणि तापमान. शंभर विहिरींचे झाले तरी बेटाचा उष्णतेचा नकाशा उभा राहील. दुरुस्ती कशी करायची ते मी शिकवीन. मी आता पुण्यात असतो, वेळ भरपूर आहे, आणि डोळे अजून आकडे वाचतात. सरांच्या पुढच्या स्मृतिदिनाला या भिंतीवर तो नकाशा लावता आला, तर मला पुन्हा बोलवा. मी येईन.